पडवीतली रोपपेटी



चतुर्थी आटोपली. माटवीवरची काकडी, दोडकी, कवंडळे उतरली. चाकरमानी परत मुंबईला गेले, आणि आठ-दहा दिवस माणसांनी भरलेली पडवी एकदम रिकामी झाली. पाऊस मात्र अजून गेलेला नाही. हळव्या भाताच्या लोंब्या भरत आहेत. भात कापून झाले की मळ्याचे कोपरे मोकळे होतील आणि मग घरोघरच्या बायामाणसांची मिरची-वांग्यांच्या रोपांसाठी धावपळ सुरू होईल. दरवर्षीचाच हा प्रकार आहे. मळा तयार असतो, विहिरीला पाणी असते, शेणखत टाकलेले असते, आणि रोप नसते.

देवगड तालुक्यातील एका वाचक भगिनीने पत्रातून जे विचारले आहे ते याच्याशीच निगडित आहे. त्यांच्या मुंबईच्या मुलाने मोबाईलवर एक चित्र पाठवले. कपाटाएवढी पेटी, आत जांभळा उजेड, पंखा, आणि त्या उजेडात ओळीने उभी हिरवी रोपे. असली पेटी घरात ठेवली तर पावसाळ्यात रोपे करता येतील का, की हा शहरातल्या लोकांचा खेळ आहे, असा त्यांचा सवाल आहे. मुलगा पैसे द्यायला तयार आहे. पण ते कामी लागतील की नाही याची आईला काळजी आहे, आणि ती रास्त आहे.

पेटी उपयोगाची आहे. परंतु चित्रातली विकत घेऊ नये. बंदरावर मासळी भरून येणारे आणि मग कोपऱ्यात पडून राहणारे थर्माकोलचे खोके आपल्या कामाला पुरते. हे मी पुस्तकातून सांगत नाही. एकदा फसून शिकलो आहे, ते आधी सांगतो.

नोकरीला लागून चार-पाच वर्षे झाली होती. मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत मी शेतीशाळेसाठी जात असे. तिथे एक बाई दोन-अडीच गुंठ्यांत मिरची करीत. घरधनी वारलेले, मुलगा शाळेत, आणि वर्षाच्या वह्या-पुस्तकांचा, कपड्यालत्त्याचा खर्च या मिरचीवर निघे. सलग दोन वर्षे सप्टेंबरच्या पावसाने त्यांचा वाफा वाहून गेला होता. मी तरुण, पदवीची गुर्मी ताजी. म्हटले, "वहिनी, यंदा वाफा घालू नका. मी घरात पेटीत रोपे करून देतो." परदेशी पुस्तकात काचेचे झाकण असलेल्या रोपपेटीचे चित्र पाहिले होते. तशी लाकडी पेटी सुताराकडून करून घेतली, वर काच बसवली, माझ्या बिऱ्हाडातल्या माजघरात फळीवर ठेवली आणि वर शंभराचा पिवळा दिवा टांगला.

बी छान उगवले. आठव्या दिवशी अंकुर दिसू लागले तेव्हा मी आल्यागेल्याला पेटी दाखवत होतो. बाराव्या दिवशी रोपे वीतभर सुतासारखी लांब, पांढुरकी आणि दिव्याकडे वाकलेली. काचेच्या आतून पाणी ठिबकत होते. ते मला शुभचिन्ह वाटले! पंधराव्या दिवशी सकाळी पाहतो तो निम्मी रोपे आडवी. मानेपाशी पाण्याने भिजल्यासारखा डाग, आणि तिथूनच मोडलेली. दुसऱ्या दिवशी उरलेली गेली.

मी सांगायला गेलो तेव्हा वहिनी खळ्यात भाताचे तण बांधीत होत्या. हातचे काम न थांबवता म्हणाल्या, "सायबानू, तुमची रोपां मेली तां मेली. माझो हंगाम गेलो, त्येचा काय करतल्यात?"

उत्तर नव्हते. त्यांनी माहेराकडून कुणाच्या तरी वाफ्यातली उरलीसुरली मिरसांगेची रोपे आणली. ती महिनाभर उशिरा लागली, आणि तोडा सुरू झाला तेव्हा बाजारात सगळ्यांचीच मिरची आली होती. त्या वर्षी त्या घरात काय काय राहून गेले, हे मला नंतर शेजारणीकडून कळले. तेव्हापासून कुणालाही "तुमचा वाफा घालू नका" असे मी सांगितलेले नाही. हा लेख वाचून पेटी करणाऱ्यांनीही पहिल्या वर्षी थोडे बी नेहमीच्या वाफ्यात जरूर टाकावे.

माझे चुकले कोठे? पेटी दुसऱ्यांच्या हवेची होती. या पेटीचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लंडनमध्ये नथॅनिएल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. १८२९ च्या सुमारास त्यांनी पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला. पतंगाचे राहिले बाजूला, पण त्या मातीतून नेच्याचे रोप उगवले आणि पाणी न घालता वाढत राहिले. दिवसा मातीतला ओलावा वाफ होऊन वर जाई, काचेला थेंब धरत आणि ते परत मातीत पडत. यावरून वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे जहाजाने थेट ऑस्ट्रेलियाला जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे याच पेट्यांतून हिंदुस्थानात आणली. सकाळी आपण चहाचा कप तोंडाला लावतो, त्याच्या मागे ही पेटी आहे.

पण ती पेटी कशासाठी होती? खारा वारा बाहेर ठेवायचा आणि गोडा ओलावा आत धरायचा. थंड मुलखात घरात ठेवतात त्या पेट्यांचेही तेच, ऊब आणि दमटपणा कोंडून धरायचा. आपल्याकडे सप्टेंबरात ऊब हवी तेवढी आहे, आणि दमटपणा तर इतका की पापड वाळत नाहीत, मीठ पाझरते. वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ओलावा कोंडणारी पेटी म्हणजे बुरशीची वखार. आपल्या पेटीने दोनच कामे करायची. डोक्यावरचा पाऊस अडवायचा, आणि वारा-उजेड आत येऊ द्यायचा. त्यांच्या पेटीत झाकण महत्त्वाचे, आपल्या पेटीत भोके.

आता करावे कसे ते पाहू.

बंदरावर किंवा मासळीबाजारात दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर उंच अशा मापाची थर्माकोलची खोकी मिळतात. तडा गेलेले चालेल. साबणाच्या पाण्याने दोनदा धुऊन दोन दिवस पावसात उघडे टाकावे, म्हणजे मीठ आणि वास निघून जाईल. वास पुरता गेला नाही तर घरातले मांजर पहिल्याच रात्री आत जाऊन बसेल. ही चेष्टा नाही, एका घरी तीन ओळी मिरची मांजराच्या अंथरुणाखाली गेली. तळाला बोटाएवढी दहा-बारा भोके तापलेल्या खिळ्याने पाडावीत. खिळा उघड्यावर तापवावा, कारण थर्माकोलचा धूर घशाला वाईट.

मग धारदार सुरीने खोक्याच्या चारही भिंती कापून वीतभर उंचीच्या ठेवाव्यात. पूर्ण फूटभर भिंती ठेवल्या तर रोपे विहिरीत उभी केल्यासारखी होतात आणि उजेडासाठी लांब होत जातात. कापलेल्या पांढऱ्या पट्ट्या टाकू नयेत. खोके ठेवल्यावर घराच्या भिंतीच्या बाजूने त्या उभ्या कराव्यात, म्हणजे बाहेरून आलेला उजेड त्यांच्यावर आपटून रोपांच्या पाठीकडे जातो. चित्रातल्या पेटीत चकचकीत कागद लावलेला असतो तो याच कामाला. उरलेला चुरा मात्र गोळा करावा, खाडीत सोडू नये.

आत भरायचे काय, हा भाग जरा सविस्तर सांगायला हवा, कारण किनारपट्टीवर चूक होते ती इथेच. नारळाच्या सोडणाचा भुसा रोपांना फार चांगला. हलका असतो, पाणी धरतो आणि मुळांना वाराही देतो. परंतु आपल्याकडे सोडण खाडीच्या पाण्यात कुजवतात. त्या भुशात मीठ असते. शिवाय कच्च्या भुशात तुरटपणा असतो, त्यानेही कोवळी मुळे करपतात. म्हणून भुसा गोणपाटात बांधून गोड्या पाण्यात रात्रभर बुडवावा, सकाळी पिळून काढावा. पहिले पाणी कोऱ्या चहासारखे तांबडे येते. पाणी फिके होईपर्यंत, म्हणजे तीन-चार वेळा तरी, हे करावे. बाजारात कोकोपीटच्या विटा मिळतात त्याही अशाच एकदा धुऊन घेतलेल्या बऱ्या. धुतलेला भुसा दोन घमेली, चाळलेले गांडूळखत एक घमेले आणि नदीची रेती अर्धे घमेले असे मिश्रण करावे. रेती नदीचीच हवी. दारातच किनारा आहे म्हणून तिथली वाळू आणली तर बी उगवेल आणि पिवळे पडून बसेल. ताजे शेण, अर्धवट कुजलेला पाला, शेतातली माती यांतले काहीही घालू नये.

शेतातली माती का नको, असे विचाराल. कोकणात वांगी, मिरची, टोमॅटोवर जिवाणूंमुळे येणारा मर रोग आहे. हिरवेगार झाड एका दुपारी माना टाकते ते हेच. हे जिवाणू मातीत राहतात आणि रोपाच्या मुळांबरोबर एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जातात. शंका असेल तर मेलेल्या झाडाचा बुंध्याजवळचा तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगून पाहावा. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी तार खाली उतरताना दिसली, तर तोच रोग. घाईगर्दीत बाजारातून मातीसकट जुडी आणून लावणारे कधीकधी रोपांबरोबर हे दुखणेही विकत घेतात, आणि मग ते मळ्यातून वर्षानुवर्षे जात नाही. घरच्या पेटीत घरचे स्वच्छ मिश्रण वापरून रोप करण्याचा माझ्या मते सर्वांत मोठा फायदा हा आहे, पैशांची बचत त्यानंतर. ज्यांच्या मळ्यात हा रोग आधीच आहे त्यांनी वांग्यासाठी अर्का केशव, अर्का निधी यांसारखे मर सोसणारे वाण घ्यावेत. नुसती स्वच्छ रोपे तिथे पुरणार नाहीत.

मिश्रण खोक्यात चार बोटे भरावे. बियाणे पुसा ज्वालाचे घ्या, दापोलीच्या विद्यापीठाचे कोकण कीर्ती घ्या किंवा घरच्या लाल मिरचीचे काढा, पण आधी उगवण तपासावी. पन्नास बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवाव्यात. दहा दिवसांत पस्तीस-चाळीस मोडल्या तर बी चांगले. वीसच मोडल्या तर दुप्पट टाकावे, किंवा बदलावे. पेरण्यापूर्वी ट्रायकोडर्माची चिमूटभर भुकटी थोड्या ओलसर केलेल्या बियांना चोळावी. ही उपयोगी बुरशी आहे, रोप कोलमडवणाऱ्या बुरशीला ती जागा मिळू देत नाही.

ओळी तीन बोटांच्या अंतरावर, बी ओळीत एक-एक इंचावर, आणि खोली अर्ध्या नखाएवढी. या हिशेबाने एका खोक्यात दीडशे ते दोनशे रोपे सुखाने होतात. एका गुंठ्याला दोन फूट बाय दीड फुटावर पावणेचारशेच्या आसपास रोपे लागतात, म्हणजे गुंठ्याला दोन खोकी धरावीत, आणि मर-तूट धरून तिसरे थोडे. बी लागते फक्त चार-पाच ग्रॅम. याहून मोठी लागवड करणाऱ्याने पेटीच्या नादी लागू नये. त्याने गादीवाफा करून वर कमानीने प्लॅस्टिक घालावे, ते स्वस्त पडेल.

पेरल्यावर खोके पडवीत, पागोळ्यांपासून हातभर आत, उंच बाकड्यावर ठेवावे. जमिनीवर ठेवलेत तर गोगलगायी एका रात्रीत ओळ साफ करतात. बाकड्याचे पाय करवंट्यांत ठेवून त्यांत मिठाचे पाणी ओतावे, मुंग्याही येत नाहीत. खोक्यावर बांबूच्या दोन कामट्या कमानीसारख्या खोवून वर पारदर्शक प्लॅस्टिक टाकावे, तेही फक्त पहिला अंकुर दिसेपर्यंत. अंकुर दिसला की त्याच दिवशी प्लॅस्टिक काढावे. "आज राहू दे, उद्या काढू" असे म्हणणाऱ्याची रोपे लांब होतात. रात्री वाऱ्याबरोबर झड आत येत असेल तर झडीच्या बाजूला तेवढे पदरासारखे सोडावे, पण दोन्ही टोके उघडी हवीत.

आता उजेड. आपल्या डोळ्यांवर इथे मुळीच विश्वास ठेवू नये. भर उन्हात जिथे एक लाख लक्स उजेड असतो तिथे माजघरात तो शंभर-दोनशे लक्सही जेमतेम असतो. पण आपले डोळे सावरून घेतात आणि आपल्याला बरे दिसते. रोपाला तसे सावरता येत नाही. साधी परीक्षा अशी. दुपारी खोक्याच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीत बोटे वेगवेगळी ओळखू आली तर जागा चांगली. नुसता पुसट डाग दिसला तर दिव्याची मदत लागेल. सावलीच पडली नाही, तर तिथे कणग ठेवावी, रोपे ठेवू नयेत.

सप्टेंबरात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, तेव्हा पुष्कळ पडव्यांना दिव्याची मदत लागतेच. त्यासाठी जांभळा दिवा आणायला नको. पानाला तांबडा आणि निळा उजेड जास्त मानवतो म्हणून ते दिवे तसे करतात, परंतु साध्या पांढऱ्या एलईडी दिव्यात दोन्ही असतात. शिवाय पांढऱ्या उजेडात पान पिवळे पडले की लगेच दिसते, जांभळ्यात काही कळत नाही. बारा वॅटचे दोन पांढरे दिवे एका खोक्याला पुरतात. ते रोपांच्या शेंड्यापासून वीतभर वर टांगावेत आणि रोपे वाढतील तसे वर उचलावेत. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो, म्हणून आढ्याला लावलेला दिवा कितीही मोठा असला तरी कामाचा नाही. माझा तो शंभराचा पिवळा दिवा उष्णता पुष्कळ देई, आणि रोपाला लागणारा उजेड थोडाच. ढगाळ दिवशी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा दिवे चालू ठेवावेत. चोवीस वॅट, बारा तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला पावणेनऊ युनिटच्या आत वीज. ऊन पडेल त्या दिवशी बंद ठेवावेत. रात्री रोपांनाही अंधार लागतो. वीज गेली म्हणून घाबरू नये, एक-दोन दिवसांनी रोपे मरत नाहीत.

विजेबाबत मात्र हयगय नको. पडवी ओलसर, हात ओले, पाय अनवाणी. वायर अखंड असावी, जोड खोक्याच्या वर येऊ नये, प्लग काढल्याशिवाय पाणी घालू नये, आणि दिवा थर्माकोलला टेकू देऊ नये, ते झटकन पेट घेते. शक्य असल्यास घरातल्या बोर्डावर गळती होताच वीज तोडणारे बटण वायरमनकडून बसवून घ्यावे. ते रोपांसाठी नाही, पोरांसाठी.

पाणी सकाळीच द्यावे, आणि ते रोजच द्यावे असे नाही. बोट पेराएवढे खुपसून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही. संध्याकाळी घातलेले पाणी रात्रभर मानेशी राहते आणि बुरशीला रात्रच आवडते. माझ्या आयुष्यात मी पाण्यावाचून मेलेली रोपे थोडी पाहिली, पाण्याने मेलेली फार. एखादे रोप मानेत मोडलेले दिसलेच, तर ते आजूबाजूच्या दोन बोटे मिश्रणासकट उचलून दूर टाकावे, पाणी दोन दिवस बंद करावे आणि खोके वाऱ्याला सरकवावे. काही भगिनी चुलीतली राख शिंपडतात. वरची ओल शोषण्यापुरता तिचा उपयोग होतो, पण दर दोन दिवसांनी राख टाकू लागलात तर मिश्रण बिघडते.

एक गोष्ट सांगितली तर हसाल. रोपे चार बोटांची झाली की रोज सकाळी त्यांच्या शेंड्यांवरून हलका हात फिरवावा, इकडून तिकडे आठ-दहा वेळा. वाऱ्याने हलणारे रोप ठेंगणे आणि जाड होते. घरात वारा कमी, तो हाताने द्यायचा. शास्त्रानेही हे तपासून पाहिलेले आहे. लहान मुलांना हे काम फार आवडते, त्यांनाच द्यावे. खोकेही रोज अर्धे फिरवावे, म्हणजे रोपे एकाच बाजूला झुकत नाहीत.

भुशात पोषण थोडे. खरी दोन पाने फुटल्यावर आठवड्यातून एकदा लिटरला दोन ग्रॅम एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे विद्राव्य खत विरघळवून द्यावे. पाने गर्द हिरवी आणि लुसलुशीत होऊ लागली तर थांबवावे, असे रोप शेतात टिकत नाही. मिरचीला पुढे बोकड्या येतो तो पसरवणारी पांढरी माशी रोपवाटिकेतच शिरते. तिच्यासाठी कामट्यांवर चाळीस मेशची नायलॉनची जाळी घालावी. जुनी मच्छरदाणी चालेल का, असे बरेच जण विचारतात. डास अडतो, पण पांढरी माशी त्याहून बारीक, ती सरळ आत जाते.

पस्तीस ते चाळीस दिवसांत मिरची लावणीस येते, वांगी चार-पाच आठवड्यांत, टोमॅटो त्याहून थोडा लवकर. उत्तरा नक्षत्र १३ सप्टेंबरच्या सुमारास लागते. त्या आठवड्यात बी टाकले तर ऑक्टोबर अखेरीस रोप तयार, आणि तोवर हळवे भात घरात येऊन मळा नांगरून होतो. लावणीपूर्वी आठ दिवस रोपांना बाहेरची सवय लावावी. पहिले दोन दिवस खळ्यात झाडाच्या सावलीत, मग सकाळचे ऊन, मग पुरे ऊन, आणि पाणी हळूहळू कमी. पडवीतून काढून थेट ऑक्टोबरच्या उन्हात लावलेले रोप दुपारपर्यंत करपते. चार दिवसांच्या घाईने दीड महिन्याचे काम गेलेले मी पाहिले आहे.

त्या वहिनींकडे मी पुन्हा पेटी घेऊन गेलो तो बऱ्याच वर्षांनी, एलईडी दिवे वाडीत आल्यावर. पहिल्यांदा त्यांनी मला खळ्यातच उभे केले. मग खोके उलटसुलट करून पाहिले, तळाची भोके मोजली, प्लॅस्टिकची दोन्ही टोके उघडी आहेत हे पाहिले. म्हणाल्या, "ह्या बरा दिसता. ती तुमची आदली पेटी, वारो नाय, उजेड नाय, निस्ता पाणी. माणूस तरी जगतलो काय?" हे त्यांना त्याच वर्षी कळले होते. मी विचारले नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले नव्हते. त्या वर्षी त्यांनी वाफाही घातला आणि खोकेही. वाफ्यातली निम्मी रोपे गेली, खोक्यातली दहा-पंधरा गेली. आता त्यांची सून चार खोकी करते, आणि वाडीतल्या बायका दसऱ्यापासून येऊन रोपे सांगून ठेवतात. मिरची एका घराला पुरे एवढीच लावतात, बाकीची रोपेच विकली जातात. शेकडा भाव सून ठरवते, त्यात सासू बोलत नाही.

देवगडच्या भगिनीस एवढेच कळवतो की मुलाने दिलेल्या पैशातून दोन दिवे, चांगली वायर आणि नायलॉनची जाळी घ्यावी. बाकीचे परत करावेत किंवा विहिरीच्या पंपाला ठेवावेत.

लावणी झाली की खोकी फेकू नयेत. धुऊन माळ्यावर उपडी ठेवावीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये मिरीच्या वेलाच्या बुंध्यापासून जमिनीवर धावणाऱ्या फांद्यांचे दोन-तीन डोळ्यांचे छाटे याच खोक्यांत, याच मिश्रणात लावता येतात. पन्नियूर-१ ज्यांच्या माडा-पोफळीवर आहे त्यांनी आत्ताच त्या धावत्या फांद्या काठीला गुंडाळून ठेवाव्यात, म्हणजे त्या जमिनीत मुळे धरणार नाहीत. त्या दिवसांत हवा कोरडी असते, तेव्हा मात्र छाट्यांवर प्लॅस्टिक पुरते झाकावे लागते, आणि खोके सावलीत ठेवावे लागते. त्याविषयी सविस्तर माघ महिन्यात लिहीन.